गंगेवरचे खेडे

गंगाखेड, जि. परभणी.

मराठी पाठ्यपुस्तकांच्या संपादनाचे दायित्व ज्यांच्या शिरावर आहे त्या सन्माननीय मंडळींस,



महसूल खात्यात चौतीस वर्षे कारकुनी करून अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावरून सेवानिवृत्त झालेला मी एक वृद्ध गृहस्थ आहे. माझ्या हातून आयुष्यात जे काही लिहून झाले ते टिपणी, तगादे, अहवाल आणि पंचनामे या चार जातींत मावण्यासारखे असून, कविता म्हणावी अशी एक ओळही त्यात सापडणार नाही. अशा माणसाने काव्यशास्त्राच्या परिभाषेविषयी आपणांसारख्या अधिकारी मंडळींना पत्र लिहावे, आणि तेही बंद पाकिटात न घालता सर्वांदेखत लिहावे, हे धारिष्ट्य आहे याची मला जाणीव आहे. परंतु अवघ्या एका गुणाच्या निमित्ताने मनात जे प्रकरण उभे राहिले ते चार महिने लोटले तरी दप्तरी दाखल होऊन स्वस्थ बसेना, सबब हा अर्ज.

माझी नात नववीत शिकते. सहामाही परीक्षेत उपमा अलंकाराचे लक्षण सांगून एक उदाहरण लिहा, असा दोन गुणांचा प्रश्न होता. लक्षण तिने पुस्तकातल्याप्रमाणे काना-मात्रा न चुकवता लिहिले, त्याचा एक गुण पदरात पडला. उदाहरण मात्र तिने पुस्तकातले न देता ‘ह्या ज्वारीचा दाणा मोत्यावाणी आहे’ असे लिहिले, आणि त्यावर तांबड्या शाईची फुली पडून समासात शेरा आला की उदाहरण पुस्तकातील नाही. शाळेचे नाव मी येथे लिहीत नाही. त्या शिक्षकांविरुद्ध माझी फिर्यादही नाही, कारण साठ-पासष्ट उत्तरपत्रिका एका बैठकीत हातावेगळ्या करावयाच्या म्हणजे काय असते हे मी जाणतो, आणि विहित नमुन्यात नसलेला अर्ज परत करण्याचा शिरस्ता आमच्याही कचेरीत होता व तो मी स्वतः इमानेइतबारे पाळलेला आहे. अडचण एवढीच की नातीचे ते वाक्य जेथे जन्माला आले तेथे मी जातीने हजर होतो.

गेल्या फाल्गुनात वर्षाची ज्वारी भरावयाची म्हणून तिला बरोबर घेऊन मी इथल्या मोंढ्यात गेलो असता, एका आडतीवर एक वयस्क शेतकरी आपले पोते सोडून बसला होता. आडत्याने पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातले मूठभर दाणे वर काढले, तळहातावर पसरले, फुंकर मारली आणि काही न बोलता पुन्हा पाहू लागला. त्या मौनाचा अर्थ ओळखून शेतकरी म्हणाला, “बगा मालक, मोत्यावाणी दाना हाय.” आडत्या म्हणाला, “काळा पडायलाय की हो, काका.” त्यावर तो उसळून म्हणाला, “आवो, दाना कुठला, मोती हाय मोती!” तरीही भाव वर सरकेना, तेव्हा पोत्याचे तोंड आवळीत तो जे बोलला ते मी अद्याप विसरलो नाही: “मोत्याला निदान भोक तरी पाडावं लागतंय, ह्याला तेबी लागत न्हाई.”

सौदा अखेर आडत्याच्याच भावाने झाला, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. परंतु त्या दहा मिनिटांत काव्यशास्त्राची केवढी मजल त्या माणसाने मारली ते पाहा. पहिल्या वाक्यात दाणा हे उपमेय, मोती हे उपमान आणि ‘वाणी’ हा साम्यवाचक शब्द. पांढराशुभ्र टपोरेपणा हा जो साधारण धर्म तो त्याने मुद्दाम अनुक्त ठेवला, कारण तो आडत्याच्या तळहातावर समक्ष पसरलेला होता, आणि अशा उपमेला शास्त्रात लुप्तोपमा म्हणतात. दुसऱ्या वाक्यात त्याने उपमेयाचा सरळ निषेध केला. दाणा नव्हेच, मोती, म्हणजे ही अपन्हुती झाली. तिसऱ्यात उपमानालाच उणे ठरविले, म्हणजे व्यतिरेक. भाव जसजसा पडत गेला तसतसा अलंकार चढत गेला. आपण मुलांना ‘अलंकार म्हणजे भाषेचे दागिने’ असे शिकवितो, त्यामुळे मुलाची समजूत अशी होते की सांगावयाची गोष्ट आधी तयार असते आणि मागाहून तिच्या अंगावर दोन नग घातले जातात. परंतु ‘अलम्’ या अव्ययाचा मूळ अर्थ पुरेसे, समर्थ, असा आहे, आणि जे बोलणे अपुरे पडते त्याला पुरे पाडणे हा अलंकाराचा धर्म मोंढ्यातल्या त्या पोत्यापाशी मला जितका स्वच्छ दिसला तितका कोणत्याही पुस्तकात दिसला नाही.

येथे जाता जाता एक गंमत सांगतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाने रब्बी ज्वारीचा एक वाण प्रसृत केला आहे, त्याचे नाव ‘परभणी मोती’. शेतकऱ्याच्या तोंडचा ‘वाणी’ गळाला, वाण तेवढा उरला. आता याला रूपक म्हणावे, की उपमेय समूळ गिळून टाकणारी अतिशयोक्ती म्हणावे, याचा निवाडा आपण करावा. माझ्या म्हणण्याचा रोख इतकाच की बियाण्याच्या पिशवीवर छापले जाईपर्यंत ज्या उदाहरणाची मजल गेली ते उदाहरण पुस्तकातील नाही म्हणून बाद व्हावे, हा न्याय मला रुचला नाही.

आमच्या खात्यातही परिभाषा काही थोडीथोडकी नव्हती. फेरफार, पोटखराबा, आणेवारी, आठ-अ या शब्दांच्या व्याख्या नियमपुस्तकात आहेत, पण त्या पाठ करून कचेरीत आलेला शेतकरी मी एकही पाहिला नाही. ज्याच्या रानातून ओढा जातो त्याला पोटखराबा म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही, आणि बाप वारल्यावर जो माणूस वारसाच्या नोंदीसाठी तलाठ्याच्या दारी खेटे घालतो त्याला फेरफार या शब्दाचा अर्थ जन्मभर विसरता येत नाही. वस्तू आधी अनुभवास यावी, तिचे नाव घेण्यावाचून गत्यंतर नाही अशी वेळ यावी, आणि मग संज्ञा कळावी, हा क्रम जमिनीच्या बाबतीत जितका खरा तितकाच कवितेच्या बाबतीत खरा असावा असे मला वाटते. पाठ्यपुस्तकात हा क्रम उलट लागलेला असतो. लक्षण आधी, उदाहरण मागून, आणि गरज कधीच नाही.

आमच्या गावाच्या नावाचेच घ्या. काश्मीरच्या मम्मटाने अकराव्या शतकात ‘काव्यप्रकाश’ लिहिला. त्यात आणि त्याच्या मागच्या-पुढच्या ग्रंथांत लक्षणा ही शब्दशक्ती समजाविताना ‘गंगेवर गवळीवाडा’ हे उदाहरण पिढ्यान्पिढ्या चालत आलेले आहे. गंगा म्हणजे वाहता प्रवाह. प्रवाहावर गवळ्यांची घरे कशी उभी राहणार? म्हणून शब्दाचा मुख्य अर्थ अडतो, आणि प्रवाहाला लागून असलेला जो काठ तो अर्थ घ्यावा लागतो. पण मग ‘काठावर’ असेच सरळ का म्हटले नाही? कारण गंगा म्हटल्याने त्या वाड्याचा गारवा आणि त्याचे पावित्र्य ही न सांगता सुचतात, आणि ते सुचविण्याचे काम व्यंजनेचे. अभिधा, लक्षणा, व्यंजना या तीन शक्ती, ज्यांच्या व्याख्या घोकताना मुलांच्या तोंडाला फेस येतो, त्या तिन्ही या एका लहानशा उदाहरणात नांदत आहेत. आणि गंगेवर खेडे, म्हणजे गंगाखेड, ही अक्षरे आमच्या बसस्थानकावर मोठ्या ठळक रंगात रंगविलेली आहेत! त्यातून आमची नदी गोदावरी. तिला गोदावरी म्हणणारा मनुष्य बहुधा परगावचा असतो, आमच्या आयाबाया ‘गंगेला जाऊन येते’ असेच म्हणतात. म्हणजे गोदावरीला गंगा म्हणणे ही एक लक्षणा, तिच्या काठाला गंगा म्हणणे ही दुसरी; आणि तहसील, नगर परिषद, रेल्वे स्टेशन असा सगळा सरंजाम असलेल्या गावाला अजून ‘खेड’ म्हणत राहणे ही तिसरी, जिला आता रूढीखेरीज अन्य प्रयोजन उरलेले नाही. मम्मटाने लक्षणेला रूढी आणि प्रयोजन अशी जी दोन कारणे सांगितली, त्या दोहोंचे दाखले एका नावात मिळतात. इतके असून शब्दशक्तीचा धडा आमच्या मुलांना परक्या मुलखातून आयात केलेल्या मालासारखा का वाटावा?

आणि हे गाव जनाबाईचे. दमा आणि करुंड यांची ही मुलगी लहानपणी पंढरपूरला दामाशेटींच्या घरी राहिली, नामदेवांच्या परिवारात वाढली, आणि दळणकांडण, झाडलोट करीत जे बोलली ते सुमारे साडेतीनशे अभंगांच्या रूपाने तिच्या नावावर आज उभे आहे. तिची समाधी येथे गंगेच्या काठी आहे. अभंग कशाला म्हणतात हे पुस्तकात दिलेले असते: मोठ्या अभंगाचे चार चरण, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांच्या अंती, लहान अभंगाचे दोन चरण, बहुधा आठ-आठ अक्षरांचे. हे सर्व बरोबर आहे, परंतु सहा-सहा-सहा-चार हा आकडा विद्यार्थ्याच्या ध्यानात टेलिफोनच्या नंबराप्रमाणे राहतो आणि परीक्षा संपताच निघून जातो. चौथा चरण आखूड का, हे कोणी सांगत नाही.

मला ते माझ्या आईने सांगितले, तेही अशाच आखूड चौथ्या चरणाच्या ओवीवरून. तिला अक्षरओळख नव्हती, ओव्या मात्र किती येत होत्या याची मोजदाद कोणी केली नाही. पहाटे ती आणि माझी चुलती समोरासमोर पाय पसरून जात्याला बसत. खुंट्यावर दोघींचे दोन हात, मोकळ्या हाताने आईने सुपातली मूठ जात्याच्या तोंडात सोडायची, आणि पिठाची बारीक धार पाळूभोवती सर्व बाजूंनी उतरत राहायची. मी शाळेत ओवीचे लक्षण शिकून आलो आणि मोठ्या ऐटीत तिला म्हणालो की ओवीचे पहिले तीन चरण सारखे असतात, यमक जुळलेले, आणि चौथा आखूड नि मोकळा. तिने जाते न थांबविता विचारले, “मंग? शेवटाला आखूड नगं व्हय? तितं मूठ टाकायची असती.” ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये नेवाशाला जी ओवी योजली ती ग्रंथातली, साडेतीन चरणी म्हणून प्रसिद्ध असलेली, बायकांची कंठस्थ ओवी तिच्याहून कितीतरी लवचिक, अक्षरांचा हिशोब न ठेवणारी, तेव्हा आईची ही उपपत्ती छंदशास्त्राच्या दरबारात टिकेल की नाही, हे मला ठाऊक आहे असे मी म्हणणार नाही. पण कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला तेव्हा त्यानेही महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात अशीच नोंद करून ठेवली. म्हणजे ओवी हे नाव लेखी नोंदीत शिरले ते मुळी उखळ-मुसळाचा हात धरून. अलीकडे हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांच्या पुढाकाराने गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती पडवीत उलथी पडली, तेव्हा हे काम वेळेवर झाले म्हणायचे.

वडिलांची परिभाषा निराळी होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा मुलूख निजामाच्या रियासतीत असल्यामुळे त्यांचे शिक्षण उर्दूत झाले. वली आणि सिराज या औरंगाबादच्या शायरांची नावे त्यांच्या तोंडी घरच्या माणसांसारखी असत. एकदा आई जनीचा अभंग म्हणत असता शेवटच्या चरणात ‘नामयाची दासी’ ही मुद्रा आली, आणि ओसरीवर हिशोब लिहीत बसलेले वडील एकदम म्हणाले, “अगं, हा तर मक्ता झाला!” आईने विचारले, “मक्ता? कशाचा, बाजाराचा का जकातीचा?” आमच्या भागात मक्ता म्हणजे गुत्ता, तो लिलावात सुटतो आणि गुत्तेदार घेतो, एवढेच तिला माहीत. मग वडिलांनी समजावून सांगितले की गझलेचा पहिला शेर तो मतला, शेवटचा तो मक्ता, आणि मक्त्यात शायर आपले टोपणनाव, तखल्लुस, गुंफतो. आई थोडा वेळ दळत राहिली आणि म्हणाली, “म्हंजे जनीनं सही केली म्हना की.” पुढे हजारो कागदांवर हुद्द्यासह सही करताना मला हे वाक्य आठवत असे, कारण जनाबाईनेही नुसते नाव लिहिले नाही, हुद्दा लिहिला, आणि तो हुद्दा ‘दासी’ हा होता. नाममुद्रा या संज्ञेचे याहून चांगले स्पष्टीकरण मला आजवर मिळालेले नाही. फारसीचे अध्यापक असलेले माधव जूलियन, ज्यांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश सिद्ध केला, त्यांनीच पुढे ‘छंदोरचना’ लिहून ओवी, अभंग आणि गझल यांना एका पंक्तीला बसविले, हे कळले तेव्हा आमच्या ओसरीवरचा तो संवाद अगदीच अशास्त्रीय नव्हता अशी माझी खातरजमा झाली.

वृत्तांच्या गणांची धास्ती तर विचारूच नका. लघु, गुरू आणि त्यांचे तीन-तीन अक्षरी आठ गण मुलांना ‘यमाताराजभानसलगम्’ या विलक्षण शब्दाच्या आधाराने पाठ करावे लागतात. तो शब्द युक्तीचा आहे खरा, परंतु त्याला अर्थ नसल्यामुळे तो लवकर निसटतो. मी नातीला आमच्या मराठवाड्यातील गावांचे गण पाडून दाखविले. पाथरी हा र गण, पालम भ गण, जिंतूर त गण, परळी स गण, कळंब ज गण, परंडा य गण. परभणीतील पहिली तीन अक्षरे न गण आणि गंगाखेडातील पहिली तीन म गण. आठही गण एस्. टी.च्या पाट्यांवर सापडले. (बोलताना आपण पालमचा म अर्धाच उच्चारतो, वृत्तात मात्र तो पुरा मोजावा लागतो, हा बोली आणि वृत्त यांच्यातील जुना वाद तिच्या आपणहून लक्षात आला, मला सांगावा लागला नाही.) मग मी तिला ‘परंडा’ हे नाव चार वेळा न थांबता म्हणावयास सांगितले. तिने म्हटले, पुन्हा म्हटले, आणि तिसऱ्या खेपेस तिचे डोळे विस्फारले; कारण आमच्याच मुलखातील जांबच्या समर्थांचे मनाचे श्लोक ज्या चालीवर ती लहानपणापासून म्हणत आली तीच चाल तिच्या तोंडून बाहेर पडत होती. चार य गण, बारा अक्षरे, भुजंगप्रयात. सहाव्या अक्षरानंतर जीभ किंचित विसावते तो यती. दोनशे पाच श्लोक पाठ असलेल्या मुलीला हे वृत्त येत नाही असे नऊ वर्षे तिला सांगितले जात होते.

रसांविषयी लांबण लावीत नाही. शोक हा भाव आणि करुण हा रस, दारात प्रेत असताना रडणे निराळे आणि कीर्तनात रडू येणे निराळे, एवढा भेद जरी शिकविता आला तरी नऊ नावांची यादी नंतर आपसूक पाठ होईल.

माझी मागणी फार मोठी नाही. संज्ञा कमी करा असे मी म्हणत नाही, उलट लुप्तोपमा आणि नाममुद्रा यांसारख्या आणखी चार वाढविल्यात तरी माझी हरकत नाही. उदाहरण आधी येऊ द्यावे, लक्षण त्यानंतर. आणि प्रश्नपत्रिकेत ‘तुमच्या गावात, घरात किंवा बाजारात ऐकलेले उदाहरण लिहा’ असा एक प्रश्न असावा, त्याचबरोबर तपासणाऱ्यांना असे लेखी कळवावे की पुस्तकाबाहेरचे उदाहरण, योग्य असल्यास, पूर्ण गुणांस पात्र आहे. या शेवटच्या कलमावर माझा विशेष भर आहे, कारण कारकुनाच्या अनुभवाने सांगतो, लेखी हुकुमावाचून उदारपणा दाखविण्याची कोणाची प्राज्ञा नसते. आपल्यापैकी कोणी परभणीहून परळीच्या गाडीने इकडे आलात तर गंगेवरचा पूल ओलांडला की आमचे स्टेशन येते. मोंढा, घाट आणि जनाबाईची समाधी तिन्ही दाखविण्यास मी सिद्ध आहे. ज्वारीचे दिवस असल्यास अधिक बरे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त अव्वल कारकून

ता. क. — पत्र डाकेत टाकण्यापूर्वी नातीला वाचावयास दिले. तिने गुणाविषयी चकार शब्द काढला नाही. म्हणाली, “आजोबा, पहिल्याच वाक्याला मला दम लागला, यतीचा कुठं पत्ताच नाही.”